पेडण्याची तवसळी

चतुर्थी जवळ आली की गोमंतकीय मनुष्य जगाच्या पाठीवर कुठेही असो, त्याचे पाय गावाकडे वळतात, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आमचे पाय मात्र कित्येक वर्षे वळले नव्हते. आम्ही उभयता सत्तरीच्या पलीकडची, गुडघे कुरकुरणारी माणसे. मुंबईच्या दोन खोल्यांत दीड दिवसाचा गणपती बसवून गावच्या गणपतीला तिथूनच हात जोडायचे, असा आमचा शिरस्ता पडून गेला होता. तो २०२५ साली मोडला, आणि मोडला तो आमच्या अकरा वर्षांच्या नातीमुळे. ती आईवडिलांसह इंग्लंडात लेस्टरला असते. तिकडच्या शाळेची उन्हाळी सुट्टी आणि इकडची चतुर्थी सहसा एकत्र येत नाहीत. त्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे लवकर आली आणि योग जुळला. "आजी, मला खरा गणपती बघायचाय, गावचा," असा तिने फोनवरून हुकूम सोडला. मग गुडघ्यांचे कोण ऐकतो?

कोकण रेल्वेची गाडी बोगद्यातून बाहेर पडून पहाटे पेडणे स्थानकात शिरली तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. आता पेडण्याला यायचे तर आगगाडीचीही गरज उरलेली नाही. मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत, आणि ज्या तालुक्याला एके काळी गोव्यातीलच माणसे 'पलतडचा' म्हणत, त्याच्या माथ्यावरून आता परदेशचे प्रवासी जातात. परंतु पठार उतरून खाली आले की तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमधले जुने पेडणे अजून पुष्कळसे तसेच आहे. माडांच्या रांगा, पाण्याने तुडुंब भरलेली शेते, मांगरावर वाळत टाकलेली घोंगडी आणि भगवतीच्या देवळापुढचे ते दगडी हत्ती. नातीने त्या हत्तींच्या पायांना हात लावून पाहिला आणि ते ओले आहेत अशी नोंद केली.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके 'नव्या काबिजादी'तले. डिचोली १७८१ साली पोर्तुगीजांकडे गेली, पेडणे १७८८ साली. जुन्या काबिजादीहून सव्वादोनशे-अडीचशे वर्षे उशिरा आल्यामुळे इथली देवळे, इथले उत्सव आणि इथली स्वयंपाकघरेही बहुतांशी आपल्या वळणाने चालत राहिली. हा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे. तो सांगण्याचे कारण इतकेच की पुढे ज्या पदार्थाची गोष्ट येणार आहे, तो अशाच एका स्वयंपाकघरात आम्हांला सापडला.

पहिल्याच सकाळी दाराशी भोंगा वाजला. सायकलवर टोपली बांधून पोदेर आला होता. पोर्तुगीज गेले तरी त्यांचा पाव गेला नाही. उंडे, पोळ्यांसारख्या फुगीर पोया, बांगडीच्या आकाराची कडक कांकणे, सारे त्या टोपलीत होते. पावाचा ताजा वास ओटीवर पसरला. आमची नात अंथरुणातून उठून दाराशी आली, तिने टोपलीत डोकावून पाहिले, आणि आम्ही काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाली, "मला चालत नाही." मग ती आत निघून गेली. पोदेर बिचारा आमच्या तोंडाकडे पाहत राहिला.

तिला गहू चालत नाही. हे चार शब्द लिहायला सोपे आहेत, परंतु ते समजायला आम्हांला फार वेळ लागला, आणि ही कबुली इथे देणे अगत्याचे आहे. ती आठ वर्षांची असताना सुट्टीत मुंबईला आली होती. जेवण झाले की पोट दुखते म्हणे, चेहरा फिकट, वजन वाढत नाही. आम्ही ठरवून टाकले की हे परदेशी चोचले आहेत. सुनेने, "आई, तिला पोळी नको म्हणते तर राहू दे," असे दोनदा सांगितले. तरी आम्ही तिला मांडीवर बसवून तुपात भिजवलेला पोळीचा लाडू भरवला. "एवढ्याने काय होतंय?" हे आमचेच वाक्य. त्या रात्री मुलीला उलट्या झाल्या. पुढे सहा महिन्यांनी तिकडे रक्ताची तपासणी झाली, दुर्बीण घालून आतड्याचा लहानसा तुकडा काढून पाहिला, आणि 'सीलिअॅक' असे त्या दुखण्याचे नाव निघाले. गव्हात, बार्लीत आणि राय नावाच्या धान्यात ग्लुटेन नावाचे एक चिकट प्रथिन असते. ज्यांना हा विकार आहे, त्यांचे शरीर त्या प्रथिनाशी लढता लढता स्वतःच्याच लहान आतड्याचे अस्तर झिजवून टाकते. त्यावर आजतागायत गोळी नाही, की इंजेक्शन नाही. आयुष्यभर गहू वर्ज्य करणे, हाच एक उपाय. कणभरही नको, कारण कणभरानेही ती लढाई पुन्हा सुरू होते.

या विकाराचे मूळ गव्हात आहे हे कळले, त्याचीही एक हकीकत आहे. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. या मुलांना गहू सोसत नसावा, असा त्यांना आधीपासूनच संशय होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात मोठी उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सारा देश खंगत असताना या विकाराची मुले मात्र सुधारू लागली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडे गहू खाणाऱ्या उत्तर हिंदुस्थानात हे दुखणे अधिक आढळते, भात खाणाऱ्या दक्षिणेत कमी. म्हणूनच आमच्यासारख्या भातखाऊ घराण्यात ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. पण अज्ञान होते म्हणून त्या लाडवाचा दोष कमी होतो, असे आम्हांला वाटत नाही.

असो. मुलगी आमच्यापेक्षा शहाणी निघाली. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात पानगळ सुरू झाली की घरोघरी भट्टीत दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग घातलेले पदार्थ भाजतात. त्यांत 'स्कोन' नावाचा एक लहान, जाडसर, अर्धवट पाव-अर्धवट बिस्किट असा प्रकार असतो. मूळचा तो स्कॉटलंडचा, ओट किंवा बार्लीच्या पिठाचा आणि तव्यावर भाजायचा; पुढे गव्हाचे पीठ आणि फुगवायची पूड आली आणि तो भट्टीत गेला. शाळेतल्या साऱ्या मुली तो खातात, म्हणून ही स्वतः घरी करू लागली. तांदूळ, बटाटा आणि टॅपिओका यांची पिठे मिसळायची, गव्हाचा चिकटपणा नाही म्हणून त्यात झँथन नावाचा डिंक घालायचा, अशी तिची कृती. तिने आम्हांला तिचे टाचणवहीतले पान दाखवले. शेवटी लिहिले होते : चव बरी, पण वाळू खाल्ल्यासारखे लागते.

चतुर्थीचे घर आणि गव्हाची बंदी यांचा मेळ कसा बसणार, ही धास्ती सुनेच्या मनात मुंबईपासून होती. उकडीचे मोदक तांदळाचे, पातोळ्या तांदळाच्या, त्या तर हळदीच्या पानात उकडलेल्या. खतखत्यात हिंग नाही, तिरफळे. हिंगाचे नाव मुद्दाम घेतले, कारण बाजारच्या हिंगाच्या पुडीत बहुधा मैदा मिसळलेला असतो हे आम्हांलाही पूर्वी ठाऊक नव्हते; डबीवर बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते. तेव्हा पंगतीचे बरेचसे पदार्थ निभावण्यासारखे होते. अडचण होती ती नेवऱ्यांची. नेवरी ही गोव्याच्या चतुर्थीची सही म्हणावी. ज्या घरी दर्शनाला जाल तिथे ताटलीत ती येणारच, आणि तिची पारी मैद्याची किंवा रव्याची. "आम्ही नाही म्हणू हो," असे आम्ही सुनेला सांगितले. ती काही बोलली नाही. लाडवाची आठवण तिला असणारच.

घरात आता आमच्या मोठ्या काकीच तेवढ्या जुन्या. वय शहाऐंशी, कान थोडे मंद, जीभ तल्लख. मुलीला भाजलेले काही खायला मिळत नाही, सारे उकडलेलेच, हे त्यांच्या कानी पडले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तवसळी कर गो तिका." आमच्या चुलतवहिनींनी लगेच सांगितले की तवसळीत रवा असतो, आणि फडताळातून पिशवी काढून दाखवली. गव्हाचाच रवा. काकी ती पिशवी पाहून हसल्या. "गंव हांगा खंय पिकता? आमची तवसळी तांदळाची," असे म्हणून त्यांनी माडीखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बोट केले. तिथे पोत्याखाली दांते, म्हणजे आपले जाते, होते.

तवसळीलाच कुणी धोंडस म्हणतात. सिंधुदुर्गात ते नाव अधिक चालते. तवसे म्हणजे पावसाळी मोठी काकडी. तिचा कीस, गूळ, खोबरे आणि रवा एकत्र करून भांड्यात घालायचे आणि खाली-वर निखारे ठेवून भाजायचे. आमच्या लहानपणी ती कशी लागे हे आम्हांला आठवत होते, पण ती कसल्या रव्याची असे हे कधी विचारलेच नव्हते. काकींच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या सासूबाई तांदळाचाच रवा वापरीत. त्यात नवल नाही. या लाल मातीत आणि असल्या पावसात गहू होत नाही. तो बाहेरून यायचा आणि पैसे पडायचे. पुढे दुकानात रव्याच्या तयार पिशव्या आल्या. गव्हाचा रवा लवकर फुलतो, वड्या सुबक पडतात, दळण्याचा त्रास वाचतो. अशा रीतीने आमच्या घरातली तवसळी कुणाच्याही नकळत गव्हाची होऊन गेली. यात वहिनींचा काही दोष नाही. मुंबईत आमच्या स्वयंपाकघरातही हेच घडले आहे.

सोमवारी आम्ही डिचोलीला निघालो. माटोळीचे सामान पेडण्याच्या बाजारातही मिळते, पण आमच्या चुलतभावाला डिचोलीच्या माटोळीच्या बाजाराचे वेड आहे, आणि आम्हांलाही तो नातीला दाखवायचा होता. कोलवाळच्या पुलावरून शापोरा ओलांडायची, म्हापशाला वळसा घालून अस्नोड्याची वाट धरायची. अस्नोडे सोडले की डावी-उजवीकडे डोंगरांचा रंग बदलतो. मुळगाव, शिरगाव ही लोहखनिजाची गावे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी पट्टे रद्द केले, आणि अलीकडे लिलाव होऊन पुन्हा काही कामे सुरू झाली आहेत. कापलेल्या टेकडीकडे पाहून नातीने विचारले, "हा डोंगर कुठे गेला?" चुलतभाऊ म्हणाला, "बोटीत बसून जपानला." ती थट्टा नव्हती, इथले बरेचसे खनिज खरोखरच तिकडे गेले.

डिचोलीची जुनी ख्याती कासारांच्या समयांची आणि कुंभारांच्या मडक्यांची. पण चतुर्थीच्या आधी दोन-तीन दिवस त्या पितळेकडे कुणी पाहत नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना डोंगरगावांतल्या बायका आणि पुरुष रानमेवा मांडून बसलेले. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळे, फुले, वेली बांधायच्या, ती माटोळी. नारळाची पेंड, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड, चिबूड, दोडकी, काटेरी फागलां, आंबाडे, तोरिंजने. आणि ज्यांची नावे शहरातल्या माणसाला सांगता येणार नाहीत अशी लाल-पिवळी रानफळे. नात प्रत्येकीपुढे थांबून नाव विचारी आणि वहीत लिहून घेई. एका फळाची तीन विक्रेत्यांनी तीन नावे सांगितली, तेव्हा तिने तिन्ही लिहिली.

तवशी एका म्हाताऱ्या बाईकडे मिळाली. मोरडावर, म्हणजे पावसाच्या पाण्यावरच्या डोंगरउतारावरच्या शेतात, पिकवलेली, हातभर लांब, साल हिरवी सोडून तांबूस-पिवळी झालेली. आम्ही कोवळे निवडू लागलो तर तिनेच हात धरला. तवसळीला कोवळे चालत नाही, त्यात नुसते पाणी. जून हवे, बिया काढून टाकता येतील असे. देठाकडचा तुकडा कापून तिने नातीला चाखायला दिला आणि कडू नाही याची खात्री करवली. आम्ही दोन घेतली, एक माटोळीला आणि एक तवसळीला. शिवाय वेळूचे एक नवे सूप आणि एक नवी चाळण. हा सुनेचा आग्रह. धातूचे भांडे घासून स्वच्छ होते. परंतु सुपाच्या विणीत, चाळणीच्या छिद्रांत, लाकडी पोळपाटाच्या भेगांत जुने पीठ बसून राहते, ते घासून निघत नाही. गिरणीचेही तसेच, आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की त्याच पाट्यांतून आपले तांदूळ जातात. पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' असे छापायचे तर किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्याकडेही सरकारी नियम आहे. वीस मिलिग्रॅम म्हणजे चिमटीत धरता येणार नाही इतके. आमच्या 'एवढ्याने काय होतंय'चे माप आता आम्हांला कळले होते.

म्हणून ते जाते महत्त्वाचे. सुनेने काकींना चार वेळा, चार तऱ्हांनी विचारले की त्यावर कधी गहू दळला होता काय. काकींना आधी राग आला, मग कारण कळल्यावर त्यांनी शांतपणे आठवून सांगितले : तांदूळ, उडीद आणि नाचणी, गहू कधीच नाही, गहू गिरणीत जाई. जाते बाहेर काढले, धुतले, दोन दिवस वाळवले, आणि आधी मूठभर तांदूळ दळून ते पीठ कोंबड्यांना टाकले. मग सुरय तांदूळ, म्हणजे न उकडलेले, धुऊन सावलीत वाळवून, किंचित भाजून भरड दळले. उकड्या तांदळाचा रवा एकजीव होत नाही, असा काकींचा नियम. खुंट्याला एक हात आमचा, एक नातीचा. तिला वाटले होते की दगड आपोआप फिरेल.

प्रमाण लिहून ठेवतो. तांदळाचा रवा दोन फुलपात्री, तवशाचा कीस पाण्यासकट चार फुलपात्री, माडाचा गूळ दीड, एका नारळाचे खोबरे, चवीपुरते मीठ. माडाचा गूळ म्हणजे म्हापशाच्या बाजारात मिळतात ती निमुळत्या आकाराची काळी ढेप. उसाचा गूळही चालतो, पण रंग आणि तो धुरकट वास येत नाही. वेलची, जायफळ आणि सुंठ घालायची. नातीने वास घेऊन सांगितले की हा अगदी तिच्या स्कोनचा वास आहे. तिकडच्या पानगळीचे सारे मसाले आपल्याच बाजूच्या समुद्रावरून गेले, हे तिला सांगितल्यावर तिने त्यात दालचिनीही घालायला लावली. काकींनी ती मान्य केली, पण तोंड वाकडे करून. रवा तुपावर परतून, सारे कालवून दोन तास झाकून ठेवायचे. या दोन तासांत रवा तवशाचे पाणी पिऊन फुगतो. गव्हात जे काम ती चिकट प्रथिने करतात ते इथे फुगलेला तांदूळ करतो. डिंक नको, की फुगवायची पूड नको.

शुक्रवारी, चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी, पहिली तवसळी लावली. परसात तीन दगडांची चूल, जाड बुडाचा टोप, तळाशी हळदीची पाने, वर पालथे झाकण आणि त्यावर करवंट्यांचे निखारे. काकींना दुपारची झोप लागली होती. त्यांना उठवायचे कशाला, आम्हांला सारे येते, असे म्हणून आम्ही खाली चांगला जाळ केला. तासाने झाकण काढले तर तळ कोळसा आणि मध्यभाग कच्ची पेज. नातीने चमचाभर खाऊन पाहिले आणि वहीत काहीतरी लिहिले. काय ते आम्ही विचारले नाही. काकी उठल्यावर एवढेच म्हणाल्या की खाली नावाला विस्तव ठेवायचा आणि वर भरपूर. बेबिंक करणाऱ्या शेजारच्या ख्रिस्ती बायकाही हेच सांगतात. थरावर थर चढतो तो वरच्या आचेने.

दुसरे तवसे आता माटोळीला टांगलेले होते, आणि गणपती पाच दिवसांचा. विसर्जनाआधी त्याला हात लावता येत नव्हता.

त्याच संध्याकाळी आम्ही वाड्यावर दर्शनाला फिरलो. चौथ्या घरी एक वयोवृद्ध नातलग, आमच्या वडिलांच्या वेळचे. त्यांनी आपल्या हातांनी नेवरी उचलून नातीपुढे धरली. तिने नमस्कार करून नको म्हटले. "प्रसाद आहे बाय, एक तुकडा तरी घे. देवाच्या प्रसादाने कुणाला बाधत नाही." त्यांचा हात तसाच पुढे, थोडा थरथरणारा. घरातली सारी मंडळी पाहत होती. सुनेचा चेहरा उतरला. आम्हांला त्या क्षणी तो लाडू आठवला, आणि ते शब्द आमचेच आहेत, फक्त तोंड दुसऱ्याचे आहे, असे वाटले. आम्ही त्यांच्या हातातली नेवरी घेतली, कपाळाला लावली आणि म्हटले, "काका, हिचा प्रसाद आम्ही खातो. हिला एकदा आम्हीच भरवलं होतं, तेव्हा ती फार आजारी पडली." हे आम्ही सुनेसमोर पहिल्यांदाच उच्चारले. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आत जाऊन तबकातून एक केळे आणून नातीच्या हातावर ठेवले.

रविवारी विसर्जन झाले. आरत्यांनी घसे बसले होते, आणि रिकाम्या चौरंगाकडे पाहून घर एकाएकी मोठे वाटू लागले होते. माटोळी खाली उतरवली. नारळ, केळी वाटून झाल्यावर तवसे चुलतभावाने नातीच्या हातात दिले. पाच दिवस उदबत्तीच्या धुरात टांगून ते आणखी पिवळे झाले होते.

सोमवारी काकी स्वतः पाट घेऊन चुलीशेजारी बसल्या. खाली दोनच करवंट्यांचे निखारे, वर झाकणभर. दर पंधरा मिनिटांनी वरचे निखारे बदलायचे काम नातीकडे होते, लांब चिमटा घेऊन. सव्वा तासाने हळदीच्या पानाचा आणि जळक्या गुळाचा वास परसभर झाला. झाकण काढले तर वरचा पृष्ठभाग गडद तपकिरी, कडा भांड्यापासून सुटलेल्या. गरम असताना कापायची नाही. कापली तर चुरा होतो. ती पूर्ण निवेपर्यंत दीड तास आम्ही सगळे तिच्याभोवती बसून राहिलो, जणू कुणी आजारी माणूस झोपला आहे. मग काकींनी सुरी नातीच्या हाती दिली.

तवसळी कशी झाली होती? बाहेरून थोडी कडक, आतून ओलसर, वाळूसारखी मुळीच नाही. दालचिनीने काही बिघडले नव्हते, हे काकींनाही कबूल करावे लागले. पण आमचे लक्ष चवीकडे नव्हते. नातीने पहिला तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग पितळी ताटलीत बाकीचे तुकडे मांडून ती वाड्यावर निघाली. सोबत कुणी यायचे नाही, असे बजावून. चौथ्या घरच्या काकांनी दोन तुकडे घेतले, असे तिने परत आल्यावर सांगितले. तिसरा मागितला, पण पुढच्या घरांना पुरला नसता म्हणून तिने तो दिला नाही.

मंगळवारी मोपाहून त्यांचे विमान गेले. सामानात जात्यावर दळलेला दोन किलो रवा होता.

ऑक्टोबरात तिचा फोन आला, सोबत छायाचित्र. बाहेर पाने गळत होती आणि खिडकीत तिची तवसळी होती. हळदीची पाने नव्हती म्हणून तळाशी भट्टीचा कागद. तिकडची काकडी फार पाणचट. कीस पिळून घ्यावा लागला आणि नेमाने त्याच पाण्यात रवा भिजवावा लागला. १८० अंशांवर पन्नास मिनिटे. शाळेतल्या मैत्रिणींना तिने 'इंडियन स्कोन' असे सांगितले म्हणे. खरे नाव उच्चारताना त्यांची जीभ वळत नव्हती.

आम्ही ते छायाचित्र पेडण्याला पाठवले. वहिनींनी ते मोठे करून काकींना दाखवले. काकींनी बराच वेळ पाहून निरोप दिला की वरचा रंग फिका आहे, निखारे कमी पडले.